काचेच्या घरात कपाट कुठं ठेवायचं?

1924 मध्ये कागल ज्युनिअर जहागिरीच्या घाटगे घराण्यातली एक मुलगी होळकरांची सून होऊन इंदूरला गेली. मराठा आणि धनगर घराण्यांत सोयरिकी व्हाव्यात म्हणून शाहू महाराजांनी जो घाट घातला होता, त्यातलंच हे लग्न. ते लागलं तेव्हा महाराज हयात नव्हते. नवरा मुलगा पंधरा वर्षांचा, नवरी त्याच्याहून लहान. या मुलीला पुढं लोक महाराणी संयोगिताबाई म्हणून ओळखू लागले. इंदुरात तिचा संसार ज्या घरात झाला, तसं घर त्या काळात हिंदुस्थानात दुसरं नव्हतं. पलंग धातूचा आणि काचेचा, खुर्च्या वाकवलेल्या नळ्यांच्या, दिवे बर्लिनचे, गालिचे पॅरिसचे. त्या घराचं नाव माणिकबाग.

आमच्या कोडोलीहून कागल तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही आमच्याकडं ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. कागल म्हटलं की लोकांना शाहू महाराजांचं जन्मघराणं आठवतं, किंवा आजचं राजकारण. आधुनिक घर म्हणजे काय आणि त्यात माणसानं नांदायचं कसं, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लेकीपुढं नव्वद वर्षांपूर्वी उभा राहिला होता, हे कुणी सांगत नाही. आज तोच प्रश्न वाठारहून कोडोलीकडं येणाऱ्या रस्त्यावर दर चार बंगल्यांमागं एका बंगल्यात विचारला जातोय. ऊस, दूध आणि नोकरीच्या पैशातून बंगला उभा राहतो, दर्शनी बाजूला जमिनीपासून स्लॅबपर्यंत काच बसते, वास्तुशांत होते, आणि आठ दिवसांत घरातली बाई विचारते, आता कपाट कुठं ठेवायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण घराच्या मालकीचा सगळा झगडा त्याच्यात आहे. भिंत नुसतं छप्पर पेलत नाही. सामान तिला टेकतं, फोटो आणि कॅलेंडर तिच्यावर लटकतात, देव्हारा तिच्या आधारानं बसतो. भिंत काढून काच लावली की सामानाचा आधार जातो. मग कुठली वस्तू घरात राहील, कुठं राहील आणि कोणती जाईल, हे कुणीतरी नव्यानं ठरवावं लागतं. ज्यानं ते ठरवलं, त्याचं ते घर. सातबारा नि खरेदीपत्र कुणाच्या का नावावर असेना.

माणिकबागेत हे ठरवणारा माणूस एकार्ट मुथेसियस. जन्म 1904, बर्लिनचा. त्याचे वडील हेरमान मुथेसियस यांनी इंग्रजी घरांवर मोठा ग्रंथ लिहिलेला, त्यामुळं घर हा विषय पोराच्या रक्तातच होता. संयोगिताबाईंचे पती यशवंतराव होळकर ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची आणि मुथेसियसची ओळख झाली. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव यांना बावला खून प्रकरणानंतर 1926 मध्ये गादी सोडावी लागली होती. कारभाराचे पूर्ण अधिकार यशवंतरावांच्या हाती आले ते 1930 मध्ये. म्हणजे बावीस वर्षांचा राजा आणि सव्वीस वर्षांचा वास्तुकार. दोघांच्या हातात पैसा, दोघांनाही जुन्या राजवाड्यांचा कंटाळा. झुंबरं, मखमल, सोनेरी वेलबुट्टी, भुसा भरलेले वाघ या सगळ्याला फाटा देऊन नवं काही करायचं, यावर त्यांचं चटकन जमलं असणार.

1930 ते 1933 या काळात माणिकबाग सजली. दारं, खिडक्या, दिवे, मुठी, फर्निचर यांतलं बरंच काही युरोपात तयार झालं. ते जहाजानं मुंबईला उतरलं आणि तिथून रेल्वेनं इंदूरला गेलं. माळव्यातल्या उन्हाळ्यासाठी हवा थंड करणारी यंत्रणाही होती. त्या काळी आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांतही वाळ्याचे पडदे भिजवणं आणि पंखा ओढायला माणूस ठेवणं, याच्या पुढं मजल गेली नव्हती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. माणिकबाग हे चारही बाजूंनी काचेचं घर नव्हे. मोठ्या खिडक्यांचा, साध्या सपाट अंगाचा तो वाडा आहे. काचेच्या भिंतींची घरं त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी अमेरिकेत आली. पण भिंतीला टेकणारं जड सामान नको, सामान सुटं, हलकं, मोकळ्या जागेत आपल्या पायांवर उभं राहणारं हवं, हा त्या घरांचा मूळ विचार इंदुरात 1933 लाच नांदायला लागला होता. म्हणून सुरुवात तिथून.

काय होतं त्या घरात? यशवंतरावांच्या शयनगृहात ली कॉर्बुझिए, शार्लोत पेरियां आणि पिएर जानरे या तिघांनी मिळून केलेली लांबलचक आरामखुर्ची होती, तीही बिबट्याच्या कातड्यानं मढवलेली. आयलीन ग्रेची ‘ट्रान्साट’ खुर्ची होती. जहाजाच्या डेकवरच्या आरामखुर्चीवरून तिला ती सुचलेली. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या जोडीनं केलेले धातूचे आणि काचेचे पलंग होते. कामकाजाच्या खोलीतलं टेबल-खुर्ची रूलमान या फ्रेंच कारागिराची. गालिचे इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे, चांदीची भांडी प्युइफोर्काची. खुद्द मुथेसियसनं केलेल्या लाल कातडी वाटणाऱ्या कापडाच्या दोन आरामखुर्च्या आज जगभरच्या पुस्तकांत छापल्या जातात. त्या खुर्चीच्या पाठीतच वाचायचा दिवा बसवलेला आहे. पुस्तक हातात घ्यायचं आणि बसायचं. दिवा ओढायला उठायला नको, तो ठेवायला तिपाई नको, तिपाई ठेवायला कोपरा नको.

मला ही खुर्ची फार महत्त्वाची वाटते. भिंत, कोपरा आणि कोनाडा यांनी करायची कामं तिनं स्वतःच्या अंगावर घेतली आहेत. आपल्या जुन्या घरांत हे बरोबर उलटं असायचं. कोडोलीतल्या जुन्या घराच्या दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीत दिव्यासाठी देवळी, भांड्यांसाठी फडताळ, टोपी-पटक्यासाठी खुंटी. सगळं सामान भिंतीच्या पोटात. जमिनीवर राहायचं काय, तर एक घोंगडं, फार तर एखादी बाज, तीही दिवसा उभी करून ठेवलेली. फर्निचर नावाची वस्तू घरात जवळजवळ नसायचीच. तिचं काम भिंत करायची. माणिकबागेत भिंत मोकळी झाली आणि तिचं काम खुर्चीकडं आलं.

मात्र ही खुर्ची कुठं ठेवायची हेही मुथेसियसनंच ठरवून दिलेलं. त्यानं स्वतः काढलेली माणिकबागेची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. त्यांत माणूस क्वचितच दिसतो. गालिच्याच्या कडेला समांतर खुर्ची, खुर्चीला समांतर दिवा. एवढ्या नेमक्या मांडणीत कागलकडून आलेली तरुण मुलगी आपल्या मनानं काय हलवू शकली असेल, याला लेखी पुरावा नाही. एवढं मात्र दिसतं की ती या सगळ्यात मागं उभी राहिलेली नव्हती. युरोपातल्या मुक्कामात ती यशवंतरावांच्या बरोबरीनं वावरत होती. मॅन रेनं या दोघांची छायाचित्रं काढली आहेत, आणि त्यांतला मोकळेपणा पाहिला की ही जोडी संस्थानी घराण्यातली आहे हे सांगावं लागतं. बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं दोघांचीही चित्रं पाश्चात्त्य पोशाखात आणि मराठी पोशाखात, अशी दोन्ही तऱ्हेनं रंगवली. मराठी पोशाखातल्या चित्रात यशवंतराव पांढऱ्या बैठकीवर मांडी मोडून, तलवार जवळ घेऊन बसले आहेत. नळीच्या खुर्च्या विकत घेणारा माणूस चित्रासाठी बसायची वेळ आली तेव्हा गादीवरच बसला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. आपल्याकडं आजही सोफ्याच्या हॉलमध्ये पंगत जमिनीवरच बसते.

1933 मध्ये पॅरिसला त्यांना मुलगी झाली. 1937 च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाई गेल्या. वय तेवीस-चोवीसच्या पलीकडं नव्हतं. माणिकबागेतला त्यांचा संसार उणापुरा चार वर्षांचा.

यशवंतरावांनी कोन्स्तांतिन ब्रांकुसीकडून ‘बर्ड इन स्पेस’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या होत्या: एक काशाची, एक काळ्या संगमरवराची, एक पांढऱ्या. त्या शिल्पांसाठी ध्यानाचं एक छोटं मंदिर इंदुरात बांधायचं घाटत होतं. 1937 च्या अखेरीस ब्रांकुसी स्वतः इंदूरला आलाही, पण मंदिर काही उभं राहिलं नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं घेतले. ते आज कॅनबेराला आहेत. यशवंतराव 1961 मध्ये मुंबईत वारले. 25 मे 1980 रोजी मोंटे कार्लोमध्ये सदबीजनं माणिकबागेतल्या फर्निचरचा लिलाव केला. खुर्च्या, पलंग, दिवे, गालिचे जगभर पांगले. इमारत सरकारकडं गेली आणि तिथं केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्याचं कार्यालय बसलं. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावट कला संग्रहालयानं यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा या वस्तू पुन्हा एकत्र दिसल्या. इंदुरात नाही, पॅरिसात. आपल्याकडच्या लोखंडी कपाटांनी आणि फायलींनी माणिकबागेची मालकी केव्हाच घेतली होती.

आता अमेरिका. इथं कपाटाचाच तंटा झाला.

शिकागोत एडिथ फार्न्सवर्थ नावाच्या मूत्रपिंडविकाराच्या नामांकित डॉक्टर होत्या. एकट्या राहायच्या, व्हायोलिन वाजवायच्या. शनिवार-रविवारी शहराबाहेर राहण्यासाठी त्यांनी प्लेनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी जमीन घेतली होती. 1945 मध्ये एका जेवणाच्या निमित्तानं त्यांची मीस व्हान डर रोहशी गाठ पडली. हा जर्मनीतून आलेला, कमी बोलणारा, आधुनिक वास्तुकलेतला बडा माणूस. त्यानं घर काढून दिलं. 1951 मध्ये ते पूर्ण झालं.

पांढऱ्या रंगाचे आठ पोलादी खांब, त्यांना धरून एक फरशी आणि एक छप्पर, मध्ये चारही बाजूंनी काच. लांबी सुमारे 77 फूट, रुंदी 28. नदीला पूर येतो म्हणून जमीन सोडून पाच फुटांवर उचललेलं. मधोमध लाकडी फळ्यांनी मढवलेला एक गाभा, त्यात दोन न्हाणीघरं, शेगडीची ओळ, शेकोटी. बाकी सगळं मोकळं. भिंत नाही, खोली नाही, आणि उघडता येईल अशी जागा म्हणजे एक दरवाजा आणि दुसऱ्या टोकाला खाली दोन छोट्या झडपा. दिसायला अतिशय सुंदर घर आहे, यात शंका घ्यायचं कारण नाही. छायाचित्रातसुद्धा ते तरंगल्यासारखं दिसतं.

पण डॉक्टरबाईंना कपडे ठेवायला जागा नव्हती! घर देखणं ठेवायचं तर कपाट येणार कुठं? काचेला टेकवून ठेवलं तर त्याची पाठ बाहेरून दिसणार. शेवटी मीसच्याच कचेरीतल्या विल्यम डनलॅप यांनी सागवानी कपाट करून दिलं. ते छतापर्यंत गेलं नाही. माणसाच्या उंचीच्या आसपास थांबलं, म्हणजे वरून छप्पर सलग दिसत राहावं. बाईंची तक्रार त्या काळच्या मासिकांत छापून आलेली आहे: सिंकखाली कचऱ्याची बादली ठेवायची तरी ती रस्त्यावरून दिसेल का हे आधी पाहावं लागतं, आणि साधा हँगर टांगायचा तर बाहेरून घर कसं दिसेल याचा विचार करावा लागतो. घर पाहायला लोक यायचे, काचेतून डोकवायचे. रात्री दिवा लावला की नदीकाठचे झाडून सारे किडे काचेवर. उन्हाळ्यात उकाडा, हिवाळ्यात काचेवर आतून दव.

पैशावरून वाद कोर्टात गेला. सुरुवातीचा अंदाज ओलांडून खर्च 74 हजार डॉलरच्या घरात पोचला होता. मीसनं फीसाठी दावा लावला, बाईंनी उलटा दावा लावला, आणि 1953 मध्ये कौल मीसच्या बाजूनं गेला. त्याच वर्षी ‘हाउस ब्यूटिफुल’ मासिकाच्या संपादक एलिझाबेथ गॉर्डन यांनी असल्या घरांवर झोड उठवणारा लेख लिहिला. तो जरा अतिच होता; काचेच्या घरातून हुकूमशाही येईल इथपर्यंत त्या गेल्या. पण राहणाऱ्या माणसाला विचारा, हा त्यांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता.

एरवी ही गोष्ट लोक इथंच थांबवतात. बिचारी बाई, हट्टी वास्तुकार, निरुपयोगी घर. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. डॉक्टरबाई घर सोडून गेल्या नाहीत. त्यांनी ते सुमारे वीस वर्षं वापरलं. मीसच्या मनातलं फर्निचर त्यांनी नाकारलं आणि आपल्या आवडीचं आणलं: इटलीच्या फ्रांको अल्बिनीचं, डेन्मार्कहून आलेल्या येन्स रिसोमचं, शिवाय घरच्या वडिलोपार्जित चार वस्तू. ओट्यावर चिनी दगडी सिंह बसवले. आणि मीस ज्यावर नाक मुरडेल ते नेमकं केलं, पडवीला जाळी मारून घेतली. डासांपुढं कुणाचं तत्त्वज्ञान चालतं?

पुढं घर पीटर पालंबो या लंडनच्या श्रीमंत गृहस्थानं घेतलं. तो मीसचा भक्त. त्यानं जाळी काढली, वातानुकूलन बसवलं, मीसचं फर्निचर मांडलं. 1996 मध्ये फॉक्स नदीचं पाणी काच फोडून आत शिरलं आणि घरात सुमारे पाच फूट चढलं. 2003 मध्ये लिलावात वारसा जपणाऱ्या संस्थांनी ते 75 लाख डॉलरला वाचवलं. कित्येक वर्षं पाहुण्यांना पालंबोच्या मांडणीतलं घरच मूळ घर म्हणून दाखवलं जात होतं. 2020 च्या सुमारास तिथल्या लोकांनी मीसचं सामान हलवलं आणि जुन्या छायाचित्रांवरून डॉक्टरबाईंचा संसार परत मांडला. 2021 मध्ये घराचं नावही बदलून ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ झालं. कोर्टात हरलेल्या बाईंचा दावा सत्तर वर्षांनी सामानानं जिंकून दिला.

फिलिप जॉन्सनची गोष्ट याच्यापुढं सोपी आहे. त्यानं 1949 मध्ये न्यू केनन इथं स्वतःसाठी काचघर बांधलं आणि 2005 मध्ये मरेपर्यंत वापरलं. पण तो स्वतःच वास्तुकार, स्वतःच मालक. सामानाची जागा गालिच्यावर ठरलेली, ती हलत नसे. शिवाय शेजारीच विटांचं एक बंद घर त्यानं बांधून ठेवलं होतं. उघड्यावर राहायला एक, लपायला एक. दोन घरं बांधायची ऐपत असेल तर काचघर सोसतं.

आमच्या भागात काच आली ती भिंत म्हणून नव्हे, कंदील म्हणून. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 मध्ये ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी गोठ्यापासून माजघरापर्यंत सगळीकडं असायचा. किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंपांबरोबर लोखंडी फर्निचरही निघत असे. म्हणजे जर्मनीत नळीच्या खुर्च्या घडत होत्या तेव्हा कृष्णाकाठीही लोखंड वाकवून खाटा-खुर्च्या होत होत्या. फरक एवढाच की आमची खाट जरा कुरकुरायची आणि तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. इंदूरच्या त्या बिबट्याच्या कातड्याच्या आरामखुर्चीच्या तीन कर्त्यांपैकी पिएर जानरे पुढं 1951 मध्ये चंदीगड बांधायला आला. तिथल्या कचेऱ्यांसाठी त्यानं सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या काढल्या. वेत फाटला म्हणून भंगारात टाकलेल्या त्या खुर्च्या आता परदेशी लिलावांत लाखांनी जातात. आपल्याला आपली वस्तू ओळखू यायला मध्ये एक लिलाव लागतो.

मोठी, सलग, लहर नसलेली काच स्वस्त झाली ती इंग्लंडच्या पिल्किंग्टननं 1959 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीमुळं. वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवायचा, तो आपोआप सपाट होतो. त्याआधी मोठी काच दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करावी लागे. डॉक्टरबाईंचं बिल फुगण्यात तिचाही वाटा होता. आपल्याकडं तळोजा आणि अंकलेश्वरला नव्वदच्या दशकात ही फ्लोट काच बनू लागली. त्यानंतर काच बँकेतून आणि मॉलमधून उतरून गावाकडं आली. कोडोलीतल्या बंगल्याला ती शोभते का, हा प्रश्न मला फिजूल वाटतो. शोभते. इथून जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याची सोंड दिसते, खाली उसाचे फड दिसतात. तो देखावा लोखंडी गजांच्या तीन फुटी खिडकीत कोंबायचा कशाला?

प्रश्न उन्हाचा आहे. साध्या पाच-सहा मिलिमीटर काचेवर जेवढी उन्हाची ऊर्जा पडते, तिच्यातली सुमारे 80 टक्के आत येते. आत येऊन ती फरशीला, सोफ्याला, भिंतीला तापवते, आणि तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर जात नाही. शिरोळकडं पॉलिहाउसमध्ये गुलाब-जरबेरा घेणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बंगल्याचा हॉल म्हणजे बिनगुलाबाचं पॉलिहाउस. फार्न्सवर्थ घर सुमारे साडेएक्केचाळीस अक्षांशावर आहे. तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, थंडीत कललेलं ऊन आत यावं असं वाटतं. कोडोली सतराच्या जरा अलीकडं. इथं मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य थेट माथ्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तो उत्तरेकडूनच जातो. माथ्यावरचं ऊन दोन-अडीच फुटांच्या छज्ज्यानं अडतं. संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन कुठल्याच छज्ज्याला जुमानत नाही, ते तिरकं आत येतं. पण रस्ता पश्चिमेला असला की दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि दर्शनी बाजूला काच. प्लॅन काढणाऱ्यापेक्षा इथं रस्ता जास्त बोलतो.

दुसरं, पाऊस. आमच्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडूनच येतो आणि आडवा मारतो. सरकत्या काचेच्या चौकटीला खाली जो ट्रॅक असतो, त्यात पाणी साठतं. ते बाहेर जावं म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाला छोटी भोकं पाडलेली असतात. वर्षभर धूळ, उसाचं पाचट जाळल्यावर उडणारी काळी राख आणि मुंग्यांनी आणलेली माती त्यात बसते, भोकं बुजतात आणि जुलैत पाणी उलटं हॉलमध्ये उतरतं. चौकट बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन जातो. तो येतो, सिलिकॉनची नळी काढतो आणि चौकटीच्या कडेनं आणखी एक पांढरी रेघ मारतो. खरं तर ट्रॅकमधली ती भोकं एका खिळ्यानं मोकळी केली की काम होतं. भट्टीत तापवून कडक केलेल्या टफन काचेचंही असंच. ती साध्या काचेच्या चौपट दणकट असते, पण एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. नाहीतर सगळीच्या सगळी दाण्यांसारखी विखरून पडते. म्हणून माप कारखान्यात जायच्या आधी पक्कं लागतं. स्लॅब एका बाजूला अर्धा इंच खाली आलेला निघाला, तर तो अर्धा इंच काचेत काढता येत नाही. मग चौकटीखाली लाकडी पट्ट्या सरकवून तो लपवला जातो.

तिसरी गोष्ट पुसण्याची. दहा फूट उंच काच बाहेरून कोण पुसणार? होळकरांकडं माणसं होती. शहरी इमारतींना दोरावर लटकणारी पोरं असतात. इथं घरची सून शिडीवर चढते किंवा काच तशीच राहते. काचेचं घर हलकं दिसतं ते दुसऱ्याच्या हातावर. हा हिशोब नकाशात कुठं लिहिलेला नसतो.

पण घरातल्या बाया गप्प बसलेल्या नाहीत. कोडोली-वारणानगरच्या बंगल्यांत जरा बारकाईनं पाहिलं तर काच बसल्यानंतरच्या दोन वर्षांत घर कसं बदलतं ते कळतं. आधी जाड पडदे येतात, सकाळी दहापासून सहापर्यंत ओढलेले. म्हणजे काचेची भिंत दिवसभर कापडाची भिंत. मग पश्चिमेच्या काचेवर काळी फिल्म. मग काचेच्या आत साताठ फुटांवर सामानाची नवी रांग तयार होते. सोफ्याची पाठ काचेकडं आणि तोंड टीव्हीकडं, कारण टीव्हीला भिंत लागते आणि घरात उरलेली एकमेव भिंत तीच. जोतिबा तिकडं पाठीमागं राहतो. गोदरेजचं कपाट आतल्या खोलीत जातं, आणि ती खोली हळूहळू घराची खरी खोली होते. बाळंतीण तिथं, आजारी माणूस तिथं, पाहुण्या बायकांच्या गप्पा तिथं, पैशाचं बोलणं तिथं. हॉल उरतो लग्न ठरवायला आणि पुढाऱ्यांना चहा द्यायला. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठीला भिंत घेऊन सुखात असतो.

याला मी पराभव म्हणणार नाही. एडिथबाईंनी जाळी मारली, इथल्या बायकांनी पडदा ओढला. घर काढणाऱ्यानं ज्या गोष्टीचा विचार केला नाही, तो राहणारीनं केला. पण हे सगळं नंतर, आणि दुप्पट खर्चानं होतं, याची मात्र चीड येते. काच बसवायच्या आधी नकाशावर कपाट काढलं, पलंग काढला, सोफा काढला, देव्हारा काढला, तर कुठली काच हवी आणि कुठं नऊ इंची भिंत हवी हे कागदावरच कळेल. इथल्या बहुतेक नकाशांत मोटार काढलेली असते, कपाट नसतं. पूर्व-उत्तरेला हवी तेवढी काच घ्या, पश्चिमेला भिंत उभी करा आणि तिच्याच पोटात पूर्वीसारखी कपाटं बसवा. जाड भिंत ऊन अडवते आणि सामानही पोटात घेते. समोर पडवी सोडली की पाऊस काचेपर्यंत येत नाही. कोडोलीच्या मिशन दवाखान्याच्या आवारातल्या आणि आजूबाजूच्या जुन्या इमारती खोल पडव्यांच्या होत्या, त्या काही शोभेसाठी नव्हत्या.

सध्या गावाबाहेरच्या एका बांधकामावर माझं येणं-जाणं आहे. मालकाला पुढून संपूर्ण काच हवी, त्याच्या आईला पडवीत धान्य वाळवायला आणि बसायला कट्टा हवा, सुनेला कपाटाची भिंत हवी. परवा फॅब्रिकेटर टेप घेऊन आला तेव्हा तिघंही हजर होते. त्यानं चौकटीचं माप डावीकडं, मधोमध आणि उजवीकडं असं तीनदा घेतलं, कारण तिन्ही ठिकाणी ते वेगळं निघतं हे त्याला पाठ आहे. पश्चिमेची काच दहा फुटांवरून चारवर आली. उरलेल्या सहा फुटांत भिंत, आत कपाट. मालक जरा हिरमुसला. मग टू-ट्रॅक की थ्री-ट्रॅक यावर बोलणं आलं. तिसरा ट्रॅक जाळीचा असतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. सासू-सून दोघींनी एकदमच थ्री-ट्रॅक सांगितलं. पडद्याचा रॉड कुणाच्या आवडीचा, ते अजून ठरायचं आहे.